तारेबाहेरचे कोपरे

प्रिय अनु आणि जोएल,

मागच्या महिन्यात पाठवलेल्या फोटोवरून जोएलने विचारलं, की घरामागचं लिंबाचं झाड आपलं आहे, तर ते कुंपणाच्या बाहेर कसं? कुंपण घालणाऱ्याने माप चुकवलं का? माप चुकलेलं नाही. माझी मापं चुकत नाहीत, हे तुमच्या आईला विचारा. झाड बाहेर राहावं म्हणून कुंपण आत घेतलं आहे. असं का केलं, हे सांगायचं तर एका बाईंविषयी सांगावं लागेल. त्यांच्यावर मी जवळजवळ वर्षभर संशय घेतला.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना कधी नावाने ओळखलंच नाही. बोर्डिंगात ‘बाई’ म्हटलं की त्याच. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दुसरं महायुद्ध चालू होतं. माझे वडील अकोल्याला मिशनच्या शाळेत मास्तर होते. माझं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यांनी मला अमरावतीला मुलींच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे बाई आम्हाला शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत, स्वयंपाकघर पाहत आणि बंगल्यामागच्या अर्ध्या एकरात भाजी लावत. या तीन कामांत त्या फरक करत नसत. शास्त्राच्या तासाला त्यांच्या नखांत काळी माती असे आणि निंदणी करताना तोंडात स्तोत्र.

उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. त्या माती चाखत. हो, चाखत. वाफा खणला की चिमूटभर काळी माती जिभेच्या टोकावर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि मग सांगायच्या, “अजून कच्ची आहे,” किंवा “हिला आता जेवण पचतंय.” रस्त्याने जाणारे लोक हे पाहून चालण्याचा वेग वाढवत. आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तर चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत विचारलं, “माती चाटता, गुडघे टेकून मातीत हात घालून प्रार्थना करता. ही मातीची पूजा नाही का?”

बाई म्हणाल्या, “देवाने माणूस कशाचा केला?”

“मातीचा.”

“मग मी नातेवाइकांच्या घरी जाते, एवढंच.”

बाईंचा खड्डा हे आणखी एक संशयाचं ठिकाण. बोर्डिंगातलं एक साल बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. केळीची सालं, चहाचा चोथा, कडुलिंबाचा पाला, तुराट्यांची राख, शेण, सगळं त्यात. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मंडळीने हातात धरलेल्या शिंदीच्या झावळ्यासुद्धा दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात गेल्या, तेव्हा फार ओरड झाली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. चार महिन्यांनी खड्डा उघडला की आम्हा सगळ्यांना ओळीने उभं करून त्या मूठ मूठ खत हातात देत आणि वास घ्यायला लावत. “मेळघाटाच्या रानाचा वास आला तर तयार. नाकात टोचलं तर थांबायचं. मेलेलं उठतं, ते शास्त्रात वाचायचं आणि इथे हुंगायचं.” सुवार्ता नावाची माझी मैत्रीण दर वेळी श्वास रोखून “हो बाई, रानाचाच,” म्हणायची.

युद्धामुळे धान्य अपुरं पडत होतं आणि सरकारचा, जास्त पिकवा, असा आग्रह चालला होता. शेतकी खात्यातून एक माणूस पांढऱ्या खताची गोणी घेऊन आला. बोर्डिंगच्या प्रमुख मिससाहेब खूश झाल्या. बाईंनी त्यातला दाणा जिभेवर ठेवला आणि थुंकल्या.

“बाई, हे खायचं नसते, शिंपडायचं असते,” तो माणूस म्हणाला.

“मला न पचणारं मी तिला कशी वाढू?” बाई म्हणाल्या. “बैल चालत नाही तर त्याला आधी चारा घालतात. तुम्ही एकदम चाबूकच आणला.”

ती गोणी त्यांनी न्हाणीघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवली. तिथल्या ओलीने ती दगडासारखी झाली. मी शाळा सोडली तेव्हाही तिथेच होती.

रविवारी त्या झाडांना पाणी घालू देत नसत. आपल्याकडचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. फाल्गुनातच दुपारी पानं मान टाकतात. “सहा दिवस तीही राबतात,” बाई म्हणत, आणि शनिवारी दुप्पट रहाट ओढायला लावत. देवाच्या विश्रांतीची किंमत आमच्या दंडांनी भरायची, असं मी तेव्हा वहीत लिहिलं होतं. मला तेव्हा तो फार हुशार शेरा वाटला होता.

पण हे सगळं वेडेपणात खपलं असतं. खपलं नाही ते कोपऱ्यांचं प्रकरण.

बाई शेताचे चारही कोपरे आणि रस्त्याकडची एक अख्खी ओळ तोडू देत नसत. तिथे वांगी, चवळी, आंबाडी, सगळं इतर वाफ्यांसारखंच लावायचं, तसंच निंदायचं, तेवढंच पाणी द्यायचं आणि तोडायचं मात्र नाही. शास्त्रात सांगितलं आहे, की शेत कापताना कोपऱ्यापर्यंत कापू नका, गरिबाला आणि परक्याला सरवा राहू द्या. सरवा म्हणजे पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेलं, वेचून न्यायचं धान्य. हे आम्ही सगळ्यांनीच पाठ केलं होतं. पण पाठ करणं वेगळं. आम्हाला रोज ज्वारीची भाकरी आणि ताटाचा तळ दिसेल इतकी पातळ डाळ मिळत होती. आणि तिकडे कोपऱ्यातली वांगी पिवळी पडून, फुटून, मातीत गळत होती. कारण परका नाही की गरीब नाही, कोणीच ती नेत नव्हतं.

कोण नेणार? शेजारच्या मळ्यातल्या सरूबाईने सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. सरूबाई माळ्याची. तिचा नवरा आणि ती बाजारात भाजी नेत. आमच्या कुंपणापाशी उभी राहून ती आम्हालाही बजावायची:

“पोरीहो, थ्या कोपऱ्यातल्या वांग्याले हात नोका लावू बरं. उतारा हाय थो.”

“नाही हो सरूबाई, ते गरिबांसाठी ठेवलंय.”

“गरिबासाठी ठेवते त हातात काहून नाई देत? धुऱ्यावर ठेवलं, कोपऱ्यावर ठेवलं, अन् ठेवून पाठ फिरवते. उतारा अस्साच ठेवतेत. तुमच्या बाईनं कोनाची तरी इडापिडा उतरवून थ्या वांग्यात घातली.”

दुखणाऱ्या माणसावरून उतरवलेली वस्तू वाटेवर किंवा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवून मागे न पाहता निघून यायचं, अशी समजूत होती. जो ती उचलेल त्याला पीडा लागणार. आम्ही ख्रिस्ती मुली, उताऱ्यावर आमचा विश्वास नव्हता. पण सुवार्ताही त्या कोपऱ्याला वळसा घालून जायची.

आणि बाईंचं वागणंही तसंच होतं. कोपऱ्याकडे जायची वेळ आली तर त्या वीस पावलं आधीपासून मोठ्याने खोकत. जवळ आल्या की तोंड बंगल्याकडे करून, खेकड्यासारख्या आडव्या चालत. तिकडे एकदाही पाहत नसत. आम्हाला सकाळची घंटा होईपर्यंत रस्त्याच्या बाजूला फिरकू देत नसत. मी स्वभावाने नीटनेटकी आणि म्हणूनच संशयी होते. वस्तू जागेवर नसली की मला चैन पडत नाही, आणि बाईंचं वागणं कुठेच जागेवर बसत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. फाल्गुनात आजूबाजूच्या विहिरींनी तळ गाठला. आमची खोल होती, ती टिकली. आणि त्याच सुमाराला कोपऱ्यातली वांगी नाहीशी होऊ लागली.

एकदा नाही, दर दोन-तीन दिवसांनी. मी मुलींची मॉनिटर होते. एका सकाळी घंटा व्हायच्या आधीच मी जाऊन झाडं तपासली. चोर असता तर त्याने हिसका दिला असता, फांदी मोडली असती. इथे प्रत्येक वांगं कोयत्याने, बोटभर देठ ठेवून कापलेलं होतं. कोवळी ठेवलेली, तयार तेवढीच नेलेली. हे हात शेतीतले होते. माझ्यासमोर सगळं उभं राहिलं: बाई स्वतःच तोडतात. पहाटे तोडतात, कोणाला तरी देतात आणि तो बाजारात विकतो. खोकला ही खूण. म्हणून आम्हाला तिकडे येऊ देत नाहीत. आम्ही पाण्यासारखी डाळ प्यायची आणि यांनी गरिबांच्या नावाने वांगी विकायची!

सुवार्ता म्हणाली, “बाई तशा नाहीत गं.”

“मग कशा आहेत?” मी विचारलं.

मी मिससाहेबांकडे गेले. इंग्रजीत बोलले, एकही चूक न करता. मिससाहेबांनी माझ्या इंग्रजीचं कौतुकसुद्धा केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. मी व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. दार उघडंच होतं. मिससाहेब पुस्तकी मराठी बोलत.

“आपण भाजी विकता काय?”

“नाही.”

“एका मुलीने पाहिले आहे की भाजी जाते. कोण नेतो?”

तेव्हा बाई वळल्या. मला वाटलं, आता माझ्याकडे पाहणार. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

“मी पाहत नाही,” त्या म्हणाल्या.

“का पाहत नाही?”

“पाहिलं तर ती चोरी होईल. नाही पाहिलं तर सरवा.”

मिससाहेब वाईट नव्हत्या. त्यांच्यावर चाळीस मुलींचं पोट होतं. त्यांनी सांगितलं, की आठ दिवसांत बागेला काटेरी तार लागली पाहिजे आणि कोपऱ्यातली भाजी स्वयंपाकघरात आली पाहिजे. नाहीतर बाग पगारी माळ्याच्या हाती जाईल, तो पांढरं खत घालील आणि बाईंनी नुसतं शास्त्र शिकवावं.

बाई “बरं” म्हणाल्या. त्या संध्याकाळपासून त्यांनी बागेतली भाजी खाणं सोडलं. भाकरी, मीठ आणि विहिरीचं पाणी. तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यातली वांगी माझ्या हाताने तोडून स्वयंपाकघरात दिली. भाजी छान झाली होती. बाईंनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही जेवा. तुमचा दोष नाही. पण ज्या शेताला कोपरे नाहीत त्यातलं माझ्या घशाखाली उतरत नाही.” मला ते नाटक वाटलं. पकडल्या गेल्या म्हणून नाटक. त्या वाळत चालल्या होत्या, हे दिसत होतं, तरी मला नाटकच वाटलं.

तारेचं भेंडोळं आलं. खांब रोवायचं काम मिससाहेबांनी मलाच दिलं, कारण माझी रेघ सरळ असते. मी आणि सुवार्ता रस्त्याकडच्या कोपऱ्यात दोरी धरून उभ्या होतो तेव्हा सरूबाई आली. तिची नेहमीची टोपली डोक्यावर नव्हती.

“काहून वं पोरीहो, तार लावून राहिल्या?”

“हो.”

“कोपऱ्यालेई?”

“हो. भाजी चोरीला जाते आमची.”

सरूबाई खाली बसली आणि एका वांग्याच्या झाडाचं किडकं पान खुडलं, हात सवयीने करतो तसं.

“थे चोर मी हाव,” ती म्हणाली.

सुवार्ताच्या हातातून दोरी सुटली.

“आमची हीर आटली शिमग्याआधीच. मळा जयून गेला सारा. माया नवरा खदानीवर गेला दगड फोडाले. पोरं निरी भाकर खाऊन राह्यले. माळ्याच्या घरी भाजी नाई, हे कोनाले सांगू मी, सांग बरं?”

“पण सरूबाई,” मी म्हटलं, “तुम्हीच म्हणत होता ना, तो उतारा आहे?”

“आता बी वाटते मले. म्हनून पयले म्या एकलीनं खाल्लं. दोन दिस वाट पायली. ताप नाई, काई नाई. मंग पोराइले देल्लं.” ती हसली, पण डोळे हसले नाहीत. “म्हटलं, लागला त मले लागन.”

“बाईंनी पाहिलं तुम्हाला?”

“कई नाई. थे खोकलत येते ना माय. खोकला आयकू आला का मी उठून जावो. मले वाटे, बाईले दमा हाय.”

ती गेली. मी तिथे उभी राहिले. देठ ठेवून कापलेली वांगी माळणीने कापलेली होती. हे मला सुचायला हवं होतं. पण तिने स्वतःच सगळ्यांना भीती घातली होती, म्हणून ती माझ्या हिशेबातच नव्हती. माझा संशय खरा होता, फक्त माणूस चुकला होता. आणि त्या चुकीच्या माणसाच्या घशाखाली आता भाजी उतरत नव्हती.

मी बाईंकडे गेले. त्या खड्ड्यापाशी शेण कालवत होत्या. मला म्हणायचं होतं, की मिससाहेबांकडे मी गेले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. “बाई, तुम्ही पाठ का फिरवता?”

त्यांनी हात थांबवले नाहीत. संवत छप्पनच्या, म्हणजे १९०० सालच्या, दुष्काळात त्यांचं घरचं कोणी उरलं नव्हतं, एवढं आम्हाला माहीत होतं. मिशनने त्यांना उचलून आणलं होतं. त्याआधीचं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“मूर्तिजापूरच्या अलीकडे एका कुणबिणीचं शेत होतं,” त्या म्हणाल्या. “कणसं जेमतेम आली होती. मी धुऱ्यावरून घुसले. तिने मला पाहिलं. हातात दगड होता तिच्या, पाखरांसाठी. मी सहा-सात वर्षांची. तिने दगड खाली टाकला, पाठ फिरवली आणि उगाच गोफण विणत बसली. माझा ओचा भरेपर्यंत वळली नाही.” मग त्यांनी शेणाचा गोळा खड्ड्यात टाकला. “ती देवाला ओळखत होती की नाही, मला माहीत नाही. देव तिला ओळखत असणार.”

मी तशीच परत फिरले. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तार लावली. मिससाहेबांचा हुकूम होता, तार लागली पाहिजे. कुठून, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी रस्त्याकडची ओळ सोडून दोन हात आत पहिला खांब रोवला. चारही कोपरे तिरपे छाटले. सुवार्ता म्हणाली, “चौकोनाचे आठ कोन झाले गं!” मी म्हटलं, “तू खांब धर.” माझी रेघ सरळ असते, असं सगळे म्हणत. त्या दिवशी मी ती आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडी काढली.

मिससाहेब पाहायला आल्या. सगळ्या तारेला एक फेरी घातली. मला म्हणाल्या, “कोपरे बाहेर राहिले आहेत.”

“हो, मिससाहेब. तार कमी पडली.”

उरलेलं भेंडोळं माझ्या पायाशीच पडलेलं होतं, चांगलं मांडीएवढं. मिससाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला, पुसायला लागल्या आणि काच पुसता पुसता बंगल्याकडे वळल्या. “आतली सगळी भाजी स्वयंपाकघरात गेली पाहिजे,” एवढंच जाता जाता म्हणाल्या.

बाई त्या वेळी पाणी घालत होत्या. खोकत, आडव्या चालत, आमच्याकडे पाठ करून जवळ आल्या.

“तार नीट बसली?”

“बसली, बाई.”

“मग हात धुवा. जेवायला चला.”

त्या संध्याकाळी त्यांनी ताटात वांग्याची भाजी घेतली. दोनदा घेतली. मी समोर बसून प्रत्येक घास पाहत होते, कारण मला खात्री करून घ्यायची होती. संशयी माणसाला सुखसुद्धा तपासून घ्यावं लागतं.

सरूबाई पुढच्या पावसापर्यंत येत राहिली. विहीर भरल्यावर यायची थांबली. त्यानंतर एका सकाळी कुंपणाबाहेरच्या कोपऱ्यात ताज्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी ठेवलेली दिसली. स्वयंपाकघरातल्या बाया तिला हात लावेनात. उतारा असेल म्हणाल्या! बाईंनी ती उचलली, हुंगली आणि वरणात घातली.

मी बोर्डिंगातून बाहेर पडले, कॉलेजात गेले, इंग्रजी शिकवायला लागले. तुम्हाला वाटेल, मी कधीतरी बाईंना खरं सांगितलं असेल. नाही सांगितलं. पुढे बाई वारल्याचं पत्राने कळलं. त्यांना माहीत होतं का, की ‘एका मुलीने’ म्हणजे मीच? मी हा प्रश्न खूप वर्षं उलटसुलट केला आहे. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी माझ्याकडे पाठ केली, तेव्हा मला वाटलं होतं, रागाने केली. दार उघडं होतं, व्हरांड्यात मी एकटीच होते आणि माझा चेहरा लपवायची कला मला कधीच नव्हती. त्यांनी एकदा पाहिलं असतं, तर त्यांना कळलं असतं.

तर जोएल, म्हणून लिंबाचं झाड बाहेर आहे. रोज सकाळी काही लिंबं गेलेली असतात. कोण नेतं, ते मला माहीत नाही. या वयातही माझा स्वभाव गेलेला नाही. चहाचा कप घेऊन मी मागच्या खिडकीशी जाते आणि पडदा बोटभर सरकवते. मग आठवतं. दोनदा मोठ्याने खोकते आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसते.

तुमची,
आजी